निर्णयसागरचं पुस्तक नेमकं कोणत्या सालचं? कोकणातल्या माळ्यावरच्या पुस्तकांची ओळख आणि कालनिश्चिती

पानं पिवळी पडलीत, कडा झडतायत, कसरीनं जाळी केलीय, म्हणजे पुस्तक दीडशे वर्षांचं असणार: कोकणात ही समजूत सर्वांत जास्त फसवते. चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा आणि कौलांखालचा बंद माळा मिळून १९६०चं पुस्तक १८६०चं दिसायला लावतात. उलटही होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद चिंध्यांपासून होई, आणि तो कोरड्या फडताळात राहिला तर आजही पांढरा आणि लवचीक असतो. नंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातलं लिग्निन आणि तुरटी-राळेची खळ यांमुळे तो स्वतःच आम्लधर्मी होतो, तपकिरी पडतो आणि दुमडला की तुटतो. कागदाच्या रंगावरून एवढंच कळतं की पुस्तक कसं राहिलं. ते कधी छापलं, हे वेगळ्या खुणांवरून काढावं लागतं.

इथे उदाहरणाला मुंबईचा निर्णयसागर छापखाना घेतला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या जुन्या घरांत संस्कृत ग्रंथ, स्तोत्रं, पोथ्या, पंचांगं निघतात त्यांत त्याची छपाई हमखास असते. मुंबईला नोकरीला गेलेली माणसं बोटीनं गावी येताना पुस्तकं घेऊन येत, हे त्याचं साधं कारण. बाकीच्या छापखान्यांनाही पद्धत तीच लागू पडते, मालकांची नावं तेवढी बदलतात.

आधी पाया. पुस्तकातल्या प्रत्येक खुणेला दोनच प्रश्न विचारायचे: ‘यावरून पुस्तक कोणत्या सालाच्या आधीचं असू शकत नाही?’ आणि ‘कोणत्या सालानंतरचं असू शकत नाही?’ प्रत्येक खूण यांपैकी एका बाजूची भिंत उभी करते. दोन्ही भिंती जवळ आणत जायचं. आणि पुस्तकाच्या मूळ छपाईतला सर्वांत नवा पुरावा निर्णायक, सर्वांत जुना नाही. प्रस्तावनेत शके १८०५ आणि शेवटच्या पानावर १९११ असेल तर छपाई १९११ची. लोक हटकून पहिला आकडा धरतात, कारण तो जास्त जुना असतो.

सामान फारसं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, मऊ शिसपेन्सिल, रुंद मऊ कुंचला, टॉर्च आणि स्वच्छ सुती कापड. काम शक्यतो डिसेंबर ते मे या काळात करावं. पावसाळ्यात पानं ओलसर असतात, उलगडताना फाटतात आणि बुरशीचे कण घरभर होतात. पुस्तक माळ्यावरून काढलं की लगेच उघडू नये. सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस उभं, किंचित उघडं ठेवावं. उन्हात टाकू नये, कडा कुरळ्या होतात आणि शाई उडते. चिकटलेली पानं ओली असताना सोडवू नयेत. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून, अंगणात, कुंचल्यानं कण्यापासून बाहेरच्या दिशेनं झाडावं. फाटक्या पानाला सेलोटेप लावणं हा त्या पानाचा निकाल लावण्याचा खात्रीचा मार्ग: काही वर्षांत गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग तो निघत नाही.

पहिल्या आणि शेवटच्या पानावर काय लिहिलंय

शीर्षकपान, त्याची मागची बाजू आणि पुस्तकाचं अगदी शेवटचं छापील पान, या तीन जागा आधी वाचाव्या. पुठ्ठा नंतर. सुट्या पानांच्या पोथीत शीर्षकपान नसतंच अनेकदा. तिथे ‘इति श्री… समाप्त’ या समाप्तीच्या ओळीखाली छापखान्याचं नाव आणि शक मिळतो, म्हणून पोथी शेवटाकडून वाचायला घ्यावी. संस्कृत ग्रंथांना बहुधा दोन शीर्षकपानं असतात, एक इंग्रजी आणि एक संस्कृत. संस्कृत पानावर ‘मुम्बय्याम्’, ‘निर्णयसागराख्ययन्त्रालये’ असे शब्द दिसले की छापखाना ठरला. इंग्रजी पानावर साल कधी रोमन आकड्यांत असतं, ते सुटू देऊ नये. दोन्ही पानांवरची सालं एकमेकांशी जुळतात का हेही बघावं. एक पान जुन्या आवृत्तीचं तसंच ठेवून दुसरं नवं जुळवलेलं असू शकतं.

छापखाना आणि प्रकाशक एकच असतील असं धरू नये. ‘निर्णयसागर छापखान्यांत छापून अमुक यांनीं प्रसिद्ध केलें’ असं असेल तर निर्णयसागर फक्त छापणारा. अशा पुस्तकाला खाली दिलेल्या मालकांच्या नावांची कसोटी छापणाऱ्याच्या ओळीपुरती लावायची.

जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांनी १८६४ मध्ये छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना. तेव्हा ‘निर्णयसागर’ हे नाव छापलेलं पुस्तक १८६९च्या आधीचं नाही, ही पहिली भिंत. त्याच पुस्तकात शके १७७० सापडला तर तो ग्रंथरचनेचा, मूळ हस्तलिखिताचा किंवा दुसऱ्या कुठल्या छापखान्यातल्या आधीच्या आवृत्तीचा असणार.

पुढे मालकाचं नाव पाहावं. जावजी दादाजी मालक म्हणून छापले असतील तर छपाई १८९२पर्यंतची. तुकाराम जावजी हे नाव १८९२नंतर साधारण १९१७-१८पर्यंत. त्यानंतर पांडुरंग जावजी. १९४०च्या दशकात सत्यभामाबाई पांडुरंग हे नाव येतं आणि पुढे राहतं. शीर्षकपान हरवलं असेल तर शेवटच्या पानावरचा मुद्रक उपयोगी पडतो. बा. रा. घाणेकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दिसतात, रामचंद्र येसू शेडगे त्यांच्यानंतर, पांडुरंग जावजींच्या काळात सर्रास. पत्ताही बदलत गेला. ‘२३, कोलभाट लेन’ आधीचा, ‘२६-२८, कोलभाट स्ट्रीट’ नंतरचा. ही नावं दशकापर्यंत नेतात, नेमक्या सालापर्यंत नाही. शिवाय मालक बदलल्याच्या वर्षी आधीच छापून ठेवलेल्या फर्म्यांवर (दुमडलेल्या छापील कागदांच्या गठ्ठ्यांवर) जुनं नाव राहू शकतं, म्हणून काठावरची दोन-तीन वर्षं सैल सोडावी.

संस्कृत ग्रंथांत संपादकांचीही एक साखळी आहे. काशिनाथ पांडुरंग परब हे नाव १८८०च्या दशकापासून, ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथांची मालिका १८८६ पासून. पुढच्या आवृत्त्या वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांनी सुधारल्या. १९४०च्या आसपास आणि पुढे नारायण राम आचार्य ‘काव्यतीर्थ’ येतात. एकाच शीर्षकपानावर परब आणि पणशीकर दोघंही असतील तर ती पहिली आवृत्ती नव्हे, मग आवृत्तीचा आकडा छापलेला असो वा नसो.

शक, संवत आणि १८६७चा घोटाळा

शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८१४ चैत्र म्हणजे १८९२, पण शके १८१४ माघ म्हणजे १८९३. महिना दिलेला नसेल तर ‘१८९२-९३’ असंच लिहावं.

संवताला जास्त जपावं लागतं, कारण उत्तरेकडे तो चैत्रात सुरू होतो आणि गुजराती व्यापारी वळणात कार्तिकात. चैत्री संवतातून डिसेंबरपर्यंत ५७ आणि त्यानंतर ५६ वजा करायचे. कार्तिकी संवत असेल तर कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. शक आणि संवत दोन्ही छापलेले असतील तर प्रश्नच मिटतो, शक धरावा. जुन्या हस्तलिखितांत किंवा मोडी कागदांत शुहूर सन आला तर ५९९ मिळवावे, जानेवारी ते मृगापर्यंत ६००.

मुखपान गेलेलं पंचांग असेल तर संवत्सराचं नाव पाहावं, ते आतल्या पानांत कुठेतरी राहिलेलं असतं. शकात १२ मिळवून ६०नं भागलं की बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक: १ प्रभव, २ विभव असं मोजत जायचं, बाकी शून्य आली तर साठावा क्षय. १८१४ अधिक १२ म्हणजे १८२६, साठनं भागून बाकी २६, आणि सव्विसावा नंदन. उलट जायचं तर ‘नंदन’ हे शके १८१४, १८७४ आणि १९३४. दोन दावेदारांमध्ये साठ वर्षांचं अंतर असल्यामुळे किंमत, गावांची नावं, कागद यांवरून त्यांतला एक लगेच बाद होतो. उरलेली शंका चैत्र शुद्ध प्रतिपदेचा वार आणि त्या वर्षीचा अधिक मास ताडून फिटते. छापील मराठी पंचांगांची परंपरा गणपत कृष्णाजींच्या शके १७६३च्या, म्हणजे १८४१च्या पंचांगापासून धरतात. त्यामागचं पंचांग हाती आलं तर ते हस्तलिखित असणार हे गृहीत धरून पाहावं.

आता सर्वांत जास्त लोकांना फसवणारी ओळ: ‘हें पुस्तक सन १८६७चा २५वा आक्ट याप्रमाणें रजिस्टर केलें आहे.’ विकायला आलेल्या पुस्तकांवर ‘१८६७ची दुर्मिळ प्रत’ अशी चिठ्ठी दिसते ती बहुतेक वेळा या ओळीमुळेच. १८६७ हे कायद्याचं साल आहे. त्या कायद्यानं पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण, प्रकाशकाचं नाव आणि प्रकाशनाचं ठिकाण छापणं बंधनकारक झालं. पुढची अनेक दशकं तीच ओळ हजारो पुस्तकांवर छापली गेली. तिच्यावरून एकच भिंत मिळते, पुस्तक १८६७च्या आधीचं नाही. ‘सन १८४७चा २०वा आक्ट’ हीसुद्धा तशीच ओळ, स्वामित्वहक्काच्या जुन्या कायद्याची. १९१४ मध्ये नवा कॉपीराइट कायदा आल्यावर ती मागे पडली. दोन्ही आक्टांची ओळ असलेलं पुस्तक म्हणून १८६७ आणि १९१४ यांच्या मधलं असण्याची शक्यता मोठी.

या कायद्याचा आणखी एक फायदा आहे. मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची तिमाही यादी सरकार काढत असे. त्यात नाव, छापखाना, पृष्ठसंख्या, आकार, प्रती, किंमत असा तपशील असतो. आवृत्ती नक्की करायला याहून चांगला साक्षीदार नाही.

प्रस्तावनेखालची तिथी ही प्रस्तावनेची तिथी. ती पुढच्या आवृत्त्यांत तशीच छापली जाते. ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ असेल तर ती धरावी, आणि ती फाटून गेली असण्याची शक्यता लक्षात घेऊन पृष्ठांक तपासावेत. शेवटच्या पानांवरच्या जाहिराती मात्र मनापासून वाचाव्या. आमच्या मते साल न छापलेल्या पुस्तकात इतकी प्रामाणिक खूण दुसरी नाही. प्रकाशकाला आपली नवी पुस्तकं विकायची असतात, जुनी तारीख टिकवण्यात त्याला रस नसतो. जाहिरातीतल्या सर्वांत नव्या पुस्तकाचं साल काढलं की आपलं पुस्तक त्याआधीचं नाही. फक्त ती जाहिरात त्याच फर्म्याचा भाग आहे ना, नंतर चिकटवलेली नाही ना, हे शिवणीत पाहून घ्यावं.

किंमत

रुपया, आणे, पै असेल तर छपाई १ एप्रिल १९५७च्या आधीची. १ रुपया म्हणजे १६ आणे म्हणजे १९२ पै. अपूर्णांक उभ्या रेघांनी दाखवत: ‘।’ म्हणजे पाव, चार आणे, ‘॥’ म्हणजे अर्धा, ‘॥।’ म्हणजे पाऊण, बारा आणे. ‘किं. १॥’ दीड रुपया, तो एकशे अकरा रुपये वाचू नये. ‘न. पै.’ किंवा ‘नये पैसे’ असेल तर चैन: हा शब्द १ एप्रिल १९५७ ते ३१ मे १९६४ एवढ्याच काळातला, सात वर्षांच्या फटीत पुस्तक अडकलं. छापील किमतीवर नवा शिक्का किंवा चिठ्ठी असेल तर ती साठा कधी विकला हे सांगते. छपाई खालच्या किमतीवरून ठरवावी.

लिहिण्याचं वळण

‘ह्मणून’, ‘आह्मी’, ‘तुह्मी’ असं ह आधी आणि म नंतर जोडलेलं लेखन एकोणिसाव्या शतकात सर्रास आहे आणि विसाव्याच्या सुरुवातीला मागे पडतं. ‘तें’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कीं’ अशी न उच्चारली जाणारी टिंबं १९६२पर्यंत चालली. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांना सरकारी मान्यता मिळाली आणि टिंबं गेली, ‘कवि’चा ‘कवी’, ‘आवृत्ति’ची ‘आवृत्ती’ झाली. मग टिंब नसलेलं पुस्तक १९६२च्या आधीचं असणं अवघड. टिंब असलेलं मात्र नंतरचंही असू शकतं, कारण जुन्या आवृत्त्या तशाच पुन्हा छापल्या गेल्या आणि काही लेखकांनी हट्टानं जुनं लेखन सोडलं नाही.

‘अि’, ‘अी’, ‘अु’, ‘अे’ ही स्वरखडी दिसली तर ती लिपिसुधारणेच्या काळाची खूण. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांनी या सुधारणेचा जोरदार प्रचार केला, आणि किर्लोस्करांच्या मासिकांनी अशी स्वरखडी बरीच वर्षं वापरली. संस्कृत ग्रंथाला यातली कुठलीच कसोटी लागत नाही. तिथे फक्त मराठी प्रस्तावना आणि जाहिराती वाचायच्या.

खिळे, शिळा की ऑफसेट

बोट स्वच्छ आणि कोरडं करून पानाच्या मागच्या बाजूनं अलगद फिरवावं. खिळ्यांनी छापलेल्या पानाला मागून उठाव लागतो. टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरला तर तो उठाव सावल्यांसह दिसतो. भिंगाखाली अक्षराच्या कडेला शाईची किंचित दाट किनार असते, कारण खिळा दाबला की शाई बाजूला सरकते. शिळाप्रेसवर, म्हणजे हातानं लिहिलेलं दगडावर उतरवून छापलेल्या पानात, उठाव नसतो, शाई सपाट बसते आणि अक्षर हाताच्या वळणाचं असतं, त्यामुळे घरातली माणसं अशा पोथीला बिनदिक्कत हस्तलिखित म्हणतात. फरक ओळखायला शाईचा रंग बघावा. बोरूनं लिहिताना शाई संपत येते, पुन्हा बुडवली की गडद होते, ही चढउतार शिळाप्रेसच्या पानात नसते. लिहिणाऱ्यानं आखलेल्या दाबरेघाही नसतात. एखाद्या पोथीत खरोखरच हस्तलिखित पानं निघाली तर ती वेगळी ठेवावी. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं ७५ वर्षांपूर्वीचं हस्तलिखित पुरावस्तू कायद्याखाली येतं, त्याची विक्री-निर्यात हा निराळा विषय.

निर्णयसागरची ओळख खिळ्यांच्या सुबकपणातून होते असं जाणकार सांगतात, आणि ते खरं आहे. राणोजी रावजी आरू यांनी कापलेल्या ठशांची अक्षरं भरीव, जोडाक्षरं नीट जुळलेली, बारीक टीपेतसुद्धा काना-मात्रा तुटत नाही. पण छापखान्याचे खिळे बाहेरही विकले जात. त्यामुळे अक्षर निर्णयसागरचं म्हणून छपाईही तिथलीच, हा निष्कर्ष चुकतो. वळण पाहून अंदाज बांधावा, नावाची ओळ पाहून ठरवावं.

ऑफसेटची पुनर्मुद्रणं आता फार झाली आहेत. जुन्या पानांचे फोटो काढून छापलेली असतात, शीर्षकपानासकट, त्यामुळे त्यावर साल १८८९ दिसतं आणि पुस्तक १९८०नंतरचं असतं. मागून उठाव नाही, तुटकी अक्षरं फोटोत अजून जाड झालेली, बारीक रेषा भरून गेलेल्या, कण्याला शिवणीऐवजी गोंद, कागद एकसारखा गुळगुळीत, ही लक्षणं. आयएसबीएन असेल तर बोलायलाच नको, आणि तो १३ आकडी असेल तर पुस्तक साधारण २००७ नंतरचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

फर्मे मोजणं

हे काम कंटाळवाणं म्हणून बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. छापील कागद दुमडून जो गठ्ठा होतो तो फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, कधी सोबत ग्रंथनामाचं आद्याक्षर. तो १, ९, १७, २५ या पानांवर येत असेल तर फर्मा आठ पानी, १, १७, ३३, ४९वर येत असेल तर सोळा पानी. लय एकदा पकडली की हरवलेली पानं आपोआप उघडी पडतात. पृष्ठांक सलग असूनही फर्म्याची लय बिघडली तर मध्ये काहीतरी बदललं आहे, बहुधा दोन प्रतींमधून एक प्रत जोडली आहे. अशा जोडप्रतीत शीर्षकपान एका आवृत्तीचं आणि मजकूर दुसऱ्या आवृत्तीचा निघतो. कागदाचा पोत, पानाची उंची आणि कसरीची भोकं शेजारच्या पानांशी जुळतात का पाहावं. कीड सलग जाते, एका पानावरचं भोक पुढच्या पानावर त्याच जागी नसेल तर ती दोन पानं आयुष्यभर शेजारी नव्हती.

पट्टीनं पान मोजून ठेवावं, पण आकारावर फार भिस्त ठेवू नये. बांधणारा प्रत्येक वेळी कडा कापतो. समास अगदी अरुंद, वरची ओळ कडेला टेकलेली दिसली तर पुस्तक एकदा तरी पुन्हा बांधलं गेलं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पुस्तकांत मात्र समास मुळातच अरुंद असतो, कारण कागदावर नियंत्रण होतं. जोडीला पातळ, खरखरीत, तपकिरी कागद असेल तर १९४२ ते १९४६ हा काळ डोळ्यांसमोर ठेवावा.

बांधणी आणि शिक्के

कोकणात पुठ्ठा ही सर्वांत दुबळी खूण. खळीवर कसर येते, कणा सुटतो, तारेचे टाके गंजून पानं कापतात, म्हणून बरीच पुस्तकं पुन्हा बांधलेली असतात. पुठ्ठ्याच्या आत बांधणाऱ्यानं जुनी वर्तमानपत्रं, रद्दी फर्मे चिकटवलेले दिसतात. अस्तर सुटलं असेल तर त्यावरची तारीख जरूर वाचावी, पण ती बांधणीची तारीख. मुद्दाम सोलून काढू नये.

शिक्क्यांवरून छपाईचं साल मिळत नाही, प्रतीचा प्रवास मिळतो, आणि एक भिंतही: शिक्का बसला तेव्हा पुस्तक अस्तित्वात होतं. ‘जि. कुलाबा’ असेल तर शिक्का १९८१च्या आधीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं. ‘जि. सिंधुदुर्ग’ १ मे १९८१ नंतरचा, त्याआधी सावंतवाडी-कुडाळ-मालवणवर ‘जि. रत्नागिरी’ येतं. ‘सावंतवाडी संस्थान’ विलीनीकरणापूर्वीचा. ‘मुंबई इलाखा’ स्वातंत्र्यापूर्वीचा, ‘महाराष्ट्र राज्य’ १ मे १९६० नंतरचा. वाचनालयांचे शिक्के यातच येतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आणि चिपळूणचं वाचनमंदिर १८६४चं, पण चिपळूणच्या शिक्क्यात ‘लोकमान्य टिळक स्मारक’ असेल तर तो शिक्का १९२० नंतरचाच. चिपळूणकडच्या पुस्तकात पानांच्या तळाशी सारख्या उंचीवर गाळाची रेघ दिसली तर २००५ किंवा जुलै २०२१चा पूर आठवावा. वाचनालयाचा शिक्का असून ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’ असा शिक्का नसेल तर पुस्तक विकण्याआधी त्या वाचनालयाला विचारावं.

एक उदाहरण सोडवून

समजा, एक स्तोत्रसंग्रह आहे. शीर्षकपान नाही. मराठी प्रस्तावनेखाली ‘शके १८०६ आश्विन’. शेवटच्या पानावर मालक तुकाराम जावजी, खाली १८६७च्या आक्टाची ओळ, किंमत बारा आणे. जाहिरातीत एका ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीचा उल्लेख, आणि ती आवृत्ती सूचीत १९०५ची निघते. आत ‘जि. कुलाबा’ असा शाळेचा शिक्का.

शके १८०६ आश्विन म्हणजे १८८४. तेव्हा जावजी दादाजी हयात होते, मालक म्हणून तुकारामांचं नाव येणं शक्य नाही, म्हणजे प्रस्तावना पहिल्या आवृत्तीची आणि हातातली प्रत नंतरची. तुकाराम जावजी: १८९२ ते १९१७-१८. आक्ट: १८६७ नंतर, हे आधीच्या भिंतीपेक्षा मागे, काही भर पडत नाही. आणे: १९५७पूर्वी, तेही निरुपयोगी. जाहिरात: १९०५च्या आधी नाही. कुलाबा: शिक्का १९८१पूर्वीचा, म्हणजे छपाईही त्याआधीची, त्यानंही काही भर पडत नाही. उरलं १९०५ ते १९१८. फर्मे मोजल्यावर प्रस्तावनेच्या फर्म्यात एक जोडपान कमी निघालं, तिथेच दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना असणार. आता त्याच नावाची, त्याच पृष्ठसंख्येची आणि बारा आणे किमतीची आवृत्ती शोधायची.

शोधायला शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची: पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. नुसत्या नावावर समाधान न मानता पृष्ठसंख्या आणि किंमत ताडावी, कारण एकाच नावाचे स्तोत्रसंग्रह चार छापखान्यांनी काढलेले असतात. सूचीत नाही म्हणजे दुर्मिळ, असंही नाही. बारीकसारीक पोथ्या आणि पंचांगं अशा सूचींतून सुटतात. प्रत्यक्ष दुसरी प्रत बघायची असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी या जागा.

निष्कर्ष पुस्तकावर लिहू नये. वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं लिहून पहिल्या पानाशी ठेवावा, बॉलपेन आणि टाचणी दोन्ही टाळून. वरच्या उदाहरणाची चिठ्ठी अशी होईल: ‘निर्णयसागर, तुकाराम जावजी. १९०५–१९१८ (जाहिरात; मालकाचं नाव). दुसरी किंवा पुढची आवृत्ती. शीर्षकपान व प्रस्तावनेचं एक जोडपान नाही.’ कंसात पुरावा लिहायला विसरू नये. पुढे जाहिरातीतल्या त्या ग्रंथाचं साल दुसरंच निघालं तर कोणती भिंत हलवायची ते चिठ्ठी पाहूनच कळेल.